टाकाऊ ठरलेल्या आम्लाचा परतीचा प्रवास

डोंगर चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखू लागल्या, की ‘लॅक्टिक आम्ल साचलंय’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात विश्रांती मिळताच ते तासा-दोन तासांत ओसरलेले असते. मग ते जाते कुठे? या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला.

१८५७ साली क्लोद बर्नार यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले. शरीर साखर नुसती जाळत नाही, साठवतेही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू तपासले. स्नायू थकला की त्यात लॅक्टिक आम्ल वाढे. प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होई. पुढे मायरहोफ यांनी दाखवले, की त्यातले थोडे जळते आणि उरलेल्याचे पुन्हा ग्लायकोजेन बनते. पण हे सारे शरीराबाहेर काढलेल्या स्नायूंत. जिवंत प्राण्यात काय घडते?

१९२२ मध्ये अमेरिकेतील बफेलोला आलेल्या कार्ल आणि गर्टी कोरी या डॉक्टर दांपत्याने त्याचा माग काढला. त्यांनी उंदरांना ॲड्रेनॅलिन टोचले. स्नायूंतले ग्लायकोजेन घटले, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढले आणि यकृतातला साठा मात्र वाढला. १९२९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: हे आम्ल रक्तावाटे यकृतात जाते, तिथे त्याचे ग्लुकोज होते आणि ते पुन्हा स्नायूंकडे येते. हेच ‘कोरी चक्र’.

जमाखर्च पाहिला तर हा सौदा तोट्याचा. एक ग्लुकोज फोडून स्नायूला एटीपीचे २ रेणू मिळतात. ते पुन्हा घडवायला यकृत ६ खर्चते. पण निकड स्नायूची असते आणि तिचा भार यकृत उचलते, म्हणून प्राणी धावू शकतो.

१९३१ मध्ये हे दोघे सेंट लुईसला गेले. कार्ल विभागप्रमुख झाले. बरोबरीने काम करणाऱ्या गर्टींना साहाय्यक संशोधकाची जागा आणि नाममात्र पगार मिळाला. त्यांना प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ मध्ये, नोबेलच्याच वर्षी. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार उघडकीस आला. तरीही त्या प्रयोगशाळा सोडून गेल्या नाहीत.

१९५२ मध्ये कोरी दांपत्याने फॉन गिर्के रोगाच्या मुलांचे यकृत तपासले. ते ग्लायकोजेनने फुगलेले, आणि मूल जरा उपाशी राहिले की रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरे. ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर तिथे नव्हते. ग्लुकोज रक्तात सोडण्याची शेवटची पायरी त्याच्याच हाती असते. कोठार भरलेले, पण दार बंद. आज या मुलांना ठरावीक वेळाने न शिजवलेले कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून देतात. ते सावकाश पचते आणि रात्रभर साखर टिकवायला मदत करते.

गर्टी १९५७ मध्ये गेल्या. साखर फुटते कशी, हे शोधणारे पुष्कळ होते. ती परत कशी घडते आणि न घडल्यास काय होते, हे कळायला त्यांचे काम लागले.