पर्सनल ब्रँडिंग : संज्ञा, उद्गम आणि मर्यादा

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. एखाद्याच्या पूर्वकर्मांवरून इतरांनी त्याच्याविषयी केलेला निर्णय म्हणजे प्रतिष्ठा. कृती कोणाची हे सांगणारी खूण म्हणजे मुद्रा. त्या खुणेवरून, प्रत्यक्ष अनुभवापूर्वीच, मनात धरलेली अपेक्षा म्हणजे ब्रँड. प्रतिष्ठेचा रोख भूतकाळाकडे असतो, ब्रँडचा भविष्याकडे. यावरून पर्सनल ब्रँडिंगची व्याख्या अशी : आपल्या श्रमाचे मोल ठरवणाऱ्या अपरिचितांच्या मनात स्वतःविषयी विशिष्ट अपेक्षा हेतुपुरस्सर निर्माण करणे व ती टिकवणे. यातील ‘हेतू’ वगळला तर उरते ती प्रतिष्ठाच. ‘अपेक्षा’ वगळली तर नुसती प्रसिद्धी. ‘अपरिचित’ हे पद तर कळीचे आहे. गावच्या सुताराचे काम गावात घरोघरी दिसते, म्हणून गावात त्याला खुणेची गरज पडत नाही.

मुद्रा ब्रँडहून पुष्कळ जुनी आहे. तिचे दोन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार अनन्य मुद्रेचा. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर आपल्या मुद्राचित्रांवर मोठा ‘ए’ आणि त्याच्या दोन पायांमध्ये लहान ‘डी’ अशी खूण घाली. ती खूण घालून नकला विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा 1512 मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेने त्या खुणेच्या गैरवापरास मनाई केली. मुद्रेला बाजारात स्वतंत्र मोल आले होते, हे या मनाईवरूनच सिद्ध होते.

दुसरा प्रकार समर्पित मुद्रेचा. अभंगाच्या अखेरची नाममुद्रा ती हीच. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत एकनाथांचे नाव गुरूच्या नावाला जोडूनच येते. तुकोबांची मुद्रा घालून इतरांनीही अभंग रचले, आणि त्यांतले अस्सल कोणते हे ठरवण्याचे काम संशोधकांच्या वाट्याला आले. येथे मुद्रा रचनेला परंपरेत स्थान देते, विक्रीचे मोल देत नाही. प्रस्तुत विषयाचे मूळ पहिल्या प्रकारात आहे.

अनन्य मुद्रेला नोंदणीचे अधिष्ठान ब्रिटनच्या 1875 च्या कायद्याने दिले. 1 जानेवारी 1876 पासून नोंदणी सुरू झाली व पहिली नोंद बास या मद्यनिर्मात्यांच्या लाल त्रिकोणाची झाली. खुणेला बाजारमोल देण्याचे हे तत्त्व वस्तूवरून व्यक्तीवर आले ते मुख्यतः अमेरिकेत, आणि टप्प्याटप्प्याने. 1947 मध्ये मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी स्वतःला विक्रेय वस्तू मानणाऱ्या मनोवृत्तीचे विश्लेषण केले. त्यांच्या दृष्टीने तो एक विकार होता. 1969 मध्ये फिलिप कोटलर व सिडनी लेव्ही यांनी विपणनाची कक्षा वस्तूंपलीकडे संस्था, विचार व व्यक्ती यांच्यापर्यंत वाढवली. 1981 मध्ये अल रीस व जॅक ट्राउट यांनी ‘पोझिशनिंग’ या ग्रंथात आपले तंत्र वाचकाच्या स्वतःच्या कारकिर्दीलाही लावून दाखवले. अखेर 1997 मध्ये टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ नियतकालिकातील लेखात प्रत्येक नोकरदाराला स्वतःच्या ब्रँडचा प्रमुख ठरवले. फ्रॉम यांनी ज्याला विकार म्हटले, तो पन्नास वर्षांत उपदेश झाला.

हे त्याच वेळी का घडले, याचे कारण रोजगाराच्या स्वरूपात सापडते. निष्ठेच्या मोबदल्यात स्थैर्य हा मोठ्या अमेरिकी कंपन्यांतील अलिखित करार होता. कंपनीचे नाव हीच नोकरदाराची मुद्रा होती. त्याच्या वतीने हमी कंपनी देत असे. जानेवारी 1996 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने 40,000 पदे कमी करण्याची घोषणा केली, आणि अशा घोषणा तेव्हा इतरत्रही होत होत्या. करार मोडला तशी हमी देण्याची जबाबदारी संस्थेकडून व्यक्तीकडे सरकली. पीटर्स यांनी या स्थित्यंतराला स्वातंत्र्य म्हटले. ते अर्धेच खरे आहे, कारण स्वातंत्र्यासोबत जोखीमही हस्तांतरित झाली.

पीटर्स यांचा एक पाठ सूक्ष्मपणे पाहण्याजोगा आहे. आपले वेगळेपण पंधरा शब्दांत लिहा, असे ते सांगतात. समजा, एक हिशेबनीस आहे. तो ताळेबंद अचूक जुळवतो, नवख्यांना काम शिकवतो, सहकाऱ्यांची भांडणे मिटवतो. पंधरा शब्दांत पहिले काम बसते. उरलेल्या दोहोंवर कार्यालय चालते, पण ती विक्रेय नसल्याने गळतात. ही गळती लेखकाच्या आळसामुळे होत नाही. ती पद्धतीतच आहे.

आता प्रश्न प्रामाण्याचा. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या संकेत-सिद्धान्तानुसार संकेत विश्वसनीय ठरण्यासाठी तो खर्चिक असावा लागतो, आणि समर्थाला तो असमर्थापेक्षा स्वस्त पडावा लागतो. स्वतःच्या वर्णनाला हा निकष लावल्यास ते टिकत नाही : ‘परिश्रमी’ हा शब्द लिहिण्याचा खर्च परिश्रमी व आळशी दोघांनाही सारखाच. लिंक्डइनवर एका क्लिकने मिळणाऱ्या शिफारशीचेही तेच. उलट पूर्ण केलेला पूल, प्रसिद्ध झालेला ग्रंथ, इतरांना तपासता येईल असा संगणकीय प्रोग्रॅम हे खर्चिक संकेत होत. म्हणून ब्रँडिंग अपेक्षा दूरवर पोहोचवू शकते, पण तिचा आधार निर्माण करू शकत नाही.

शेवटी वस्तू व व्यक्ती यांतील भेद. वस्तू एकसारखी राहते, व्यक्ती बदलते. हा भेद उघड आहे. दुसरा भेद अधिक गंभीर आहे : वस्तूला आपल्या ब्रँडची जाणीव नसते, व्यक्तीला मात्र त्या अपेक्षेतच जगावे लागते. फ्रॉम यांचा आक्षेप नेमका हा होता की येथे विक्रेता आणि माल एकच होतात. तिसरा भेद हस्तांतराचा. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. 1906 मध्ये चित्रकाराचे निधन झाल्यावरही त्याच्या नावाच्या छापखान्यातून चित्रे निघतच राहिली. नाव हस्तांतरित झाले. हात हस्तांतरित होणे शक्य नव्हते. आता मात्र व्यक्तीपासून अलग न होणाऱ्या गोष्टींचीही नक्कल होऊ लागली आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत वापरास, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेसह, अंतरिम मनाई केली. 1512 च्या मनाईत कृतीवरच्या खुणेचे रक्षण होते. येथे स्वतः व्यक्तीचा आवाजच खूण मानला गेला आहे.