हस्तचित्रित ॲनिमेशनपट (महाराष्ट्र)

हस्तचित्रित ॲनिमेशनपट : पात्रांची प्रत्येक हालचाल हाताने रेखाटून, ती चित्रे एकामागून एक कॅमेऱ्याने टिपून केलेला चित्रपट. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी दीड तासाला सुमारे 65 हजार चित्रे लागतात. पात्रे दोन-तीन असली आणि प्रत्येकाची हालचाल वेगळी असली, की आकडा आणखी चढतो. मुख्य चित्रकार हालचालीची ठळक टोके काढतो, मधली चित्रे ‘इनबिट्वीनर’ भरतो. मग रेषा साफ करणे, ‘सेल’ नावाच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवणे आणि सेलच्या मागच्या बाजूने रंग भरणे. माणसांच्या या साखळीमुळेच चित्रांत जीव येई आणि खर्चही तिच्यामुळेच वाढे.

अमेरिकेत या प्रकाराने भरभराट पाहिली आणि मग उतरण. महाराष्ट्रात भरभराट येण्याआधीच उतरण लागली, म्हणून इथल्या ऱ्हासाची गोष्ट निराळी आहे.

सुरुवात मात्र लवकर झाली होती. दादासाहेब फाळके यांनी 1915मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला. पण त्यात चित्रे नव्हती, काड्याच हलवल्या होत्या. प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ 1934चा. पद्धतशीर काम सुरू झाले ते 1956मध्ये, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला तेव्हा. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली ‘द बनियन डिअर’ (1957) हा जातककथेवरचा लघुपट झाला. जातककथा भिंतीवर रंगवण्याची थोर परंपरा ज्या अजिंठ्यात आहे, तो मराठवाड्याच्या वेशीवर. पण या नव्या कलेचे केंद्र मुंबईतच राहिले. अजिंठा ज्या जिल्ह्यात आहे, त्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, सरस्वती भुवनसारखी जुनी शिक्षणसंस्था आहे. चित्रकलेचा हात असलेल्या मुलांची इथे वाण नव्हती. ॲनिमेशनची नोकरी हवी, तर मात्र मुंबई-पुण्याची गाडी धरणे भाग होते.

वीक्सच्या शिष्यांपैकी राम मोहन (1931–2019) यांचे काम सर्वांत मोठे. 1968मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनची सरकारी नोकरी सोडली आणि पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील (1977) ॲनिमेशन त्यांचे. पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसा घालणारा निर्माता देशात मिळत नव्हता. तो मिळाला जपानमध्ये. युगो साको यांच्यासोबत केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ 1993च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. चित्रपट देखणा होता, पण तेव्हा इथल्या प्रेक्षकांपर्यंत तो धडपणे पोचलाच नाही. नंतर दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मुलांनीच त्याला जपले.

तोवर परदेशात वारे फिरले होते. डिस्नेने 1990च्या ‘द रेस्क्युअर्स डाऊन अंडर’पासून सेल रंगवणे सोडून संगणक घेतला. 1995मध्ये पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ आला. संगणकात एकदा घडवलेली आकृती पुन्हा पुन्हा वापरता येते, कॅमेरा हवा तसा फिरवता येतो. हिशेब करणाऱ्याला एवढे पुरले. ‘होम ऑन द रेंज’च्या (2004) सुमारास डिस्नेने हस्तचित्रणाचा गाशा जवळजवळ गुंडाळला. 2009चा ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ आणि 2011चा ‘विनी द पू’ हे त्यानंतरचे अपवाद.

आणि नेमक्या याच काळात भारतात हस्तचित्रित चित्रपट चालला! व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ (2005) पाहायला मुले आईबापांना घेऊन चित्रपटगृहात गेली. रेखाटन सर्वत्र एकसारखे नव्हते, तरी प्रेक्षक आहे हे सिद्ध झाले. निर्मात्यांनी त्यातून देवादिकांच्या कथा उचलल्या, हाताची रेषा सोडली. 2008मध्ये यशराज आणि डिस्नेचा ‘रोडसाइड रोमिओ’ पूर्ण संगणकीय होता. प्रशिक्षणवर्गांत लाइट टेबलाच्या जागी ‘माया’ हे त्रिमितीय सॉफ्टवेअर आले. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंना परदेशी कंत्राटांवर जगायचे होते आणि कंत्राटे संगणकीय कामाची होती.

द्विमितीय आणि हस्तचित्रित यांची इथे हमखास गल्लत होते. दूरचित्रवाणीवरच्या पुष्कळ द्विमितीय मालिकांत पात्राचे हात, पाय, डोके सुटे करून कळसूत्री बाहुलीसारखे संगणकात हलवतात. दरवेळी नवे चित्र कोणी काढत नाही.

खरा अपवाद गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ (2019). मुंबईच्या फुटपाथवरची ही प्रेमकथा चौकट-चौकट हाताने रंगवली आहे, अर्थात संगणकाच्या पाटीवर. व्हेनिसच्या महोत्सवात तिचे कौतुक झाले. इथल्या बहुतेक प्रेक्षकांना ती 2021मध्ये नेटफ्लिक्सवर दिसली. जपानमध्ये हा प्रकार मुख्य प्रवाहात टिकला, कारण तिथे मोठ्यांनीही तो पाहिला. आपल्याकडे ‘कार्टून पोरांसाठी’ हा समज संगणकापेक्षा जास्त नडला.

साको-राम मोहन यांचे ‘रामायण’ 24 जानेवारी 2025 रोजी भारतात चित्रपटगृहांत पुन्हा लागले. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने भारतीय ॲनिमेशनपटांच्या उत्पन्नाचा उच्चांक मोडला, पण तो चित्रपट संगणकीय त्रिमितीय आहे.