खरजेचा किडा सापडला कसा?

शहापूर-मुरबाडकडच्या आश्रमशाळांतील शिक्षकांना खरूज नवी नाही. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज, आणि वर 'आंघोळ करत नाहीस' हा ठपका! तो कितपत खरा आहे, हे इतिहासात शोधू या.

खरजेचा किडा कोळ्यांच्या गटातला. मादी जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब. इटलीत बोनोमो या वैद्याने पाहिले, की गरीब बाया मुलांच्या कातडीतून टाचणीच्या टोकाने काही बारीकसे काढतात. त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि १६८७ मध्ये रेडी यांना पत्राने कळवले. पण खरूज रक्त बिघडल्याने होते, असे मानणाऱ्या विद्वानांना ते पटले नाही.

१८१२ मध्ये पॅरिसच्या गालेस याने पुळीतून किडा काढल्याचा दावा केला. इतरांना मात्र पुळीत काहीच सापडेना. पुढे उघड झाले, की त्याच्या चित्रातला किडा चीजमधला होता! मग किड्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. अखेर १८३४ मध्ये रेनुची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला. ही रीत त्याने गावाकडच्या बायकांकडून पाहिली होती. किडा पुळीत नसतो, तर कातडीतल्या बारीक नागमोडी बिळाच्या टोकाशी असतो. सूक्ष्मदर्शक केव्हाचा होता. पाहायचे कुठे, तेच माहीत नव्हते.

आता प्रश्न उरला प्रसाराचा. १९४१ पासून इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांचे न धुतलेले कपडे आणि पांघरुणे वापरूनही फार थोड्यांना खरूज झाली. रुग्णाशेजारी अंगाला अंग लावून झोपल्यावर मात्र ती पसरली. एका रुग्णाच्या अंगावर सरासरी अकराच प्रौढ माद्या आढळल्या. पहिल्या लागणीत खाज सुटायला महिनाभर लागतो, हेही कळले.

याचा अर्थ उघड आहे. आज न खाजवणाऱ्या मुलाच्या अंगावरही किडा असू शकतो. एकट्याला औषध लावले, तर खरूज शेजाऱ्याकडून परत येते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांवर एकाच वेळी उपचार हवेत.

बीळ ओळखायची एक जुनी युक्ती आहे. संशयित जागी पेनची शाई लावून पुसा. बीळ असेल तर शाईची रेघ मागे राहते. आणि मुलाला विचारायचेच असेल, तर आंघोळीचे नको. झोपताना तुझ्या शेजारी कोण असते, हे विचारावे.