शंभर घोडे गेले कुठे? : मसल कार, ड्रॅग रेसिंग आणि माझ्या आलेखातली चूक

पेट पास झालो, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. पण साधनांचं नेमकं काय करायचं ते कळत नाही. अशा अर्थाचे मेसेज तुमच्यापैकी बरेच जण पाठवता. साधनचिकित्सेवर पुस्तकं आहेत, ती वाचाच. आज मात्र मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती मला चार महिन्यांना पडली. तुम्हाला फुकटात मिळतेय.

माझा विषय तुम्हाला माहीत आहे: १९६० ते १९७५ या काळात अमेरिकेत मोटारींच्या ताकदीचे आकडे कसे तयार झाले आणि कोणी वापरले. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारला मी एक आलेख दाखवला. शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीच्या साध्या, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीच्या इंजिनाचे कंपनीनेच छापलेले आकडे होते. १९७० साली ३०० हॉर्सपॉवर, १९७१ ला २७०, १९७२ ला २००. रेषा अशी खाली आली होती की पाहणारा दचकेल. खाली मी ठसक्यात वाक्य लिहिलं होतं: १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने दोन वर्षांत इंजिनाची एक तृतीयांश ताकद काढून घेतली.

समितीतले एक ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, "१९७०चा घोडा आणि १९७२चा घोडा एकच आहे का?"

मला वाटलं, सर गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

आधी थोडी पार्श्वभूमी

ड्रॅग रेसिंग म्हणजे काय तर दोन गाड्या, एक सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैलाची रेषा आधी ओलांडायची. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, साधारण ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. खेळ पंधरा सेकंदांच्या आत आटोपतो.

याची मुळं कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत आहेत. तिथे १९३०च्या दशकात हौशी पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं खोलून, सुधारून वेग आजमावायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस शहरातल्या रस्त्यांवर आली आणि अर्थातच पोलिसांच्या डोळ्यांवर आली. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर, तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायचं, नियम लावायचे, हा उद्देश. १९५५ साली कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड इथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

कंपन्यांना यात बाजार दिसला नसता तरच नवल. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे विक्रेत्यांचं ब्रीदच झालं. १९६४ मध्ये पॉन्टिॲकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन बसवलं आणि नाव दिलं जीटीओ. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. म्हणून पॉन्टिॲकने ही नवी गाडी आहे असं म्हटलंच नाही. जादा पैसे भरून घ्यायचा 'पर्याय' म्हणून ती विकली. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. मग सगळ्यांनीच तशा गाड्या काढल्या. मध्यम आकार, अवाढव्य इंजिन, तरुण पोराला हप्त्यावर परवडेल अशी किंमत. यांनाच पुढे मसल कार म्हटलं गेलं.

घोडा बदलला होता

आता सरांच्या प्रश्नाकडे येऊ. इंजिनाची ताकद मोजतात ती डायनॅमोमीटर नावाच्या यंत्रावर. पण इंजिन यंत्रावर चढवताना त्याच्या अंगावर काय काय ठेवायचं?

१९७१ पर्यंत अमेरिकेत जो आकडा छापायचे तो 'ग्रॉस' असायचा. इंजिन जवळजवळ उघडंबोडकं. पंखा नाही, आल्टरनेटरचा भार नाही, एअर क्लीनर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, धूर मोकळा सुटतोय, इग्निशनचं टायमिंग सगळ्यात सोयीचं. १९७२ पासून 'नेट' आकडा छापायला लागले. म्हणजे इंजिन गाडीत जसं असतं तसं, सगळ्या लटांबरासकट. पहिलवानाला लंगोटावर धावायला लावणं आणि पाठीवर पोतं देऊन धावायला लावणं, इतका हा फरक आहे. पहिलवान तोच.

सुदैवाने १९७१ हे संधिकालाचं वर्ष. त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते. माझ्या इंजिनाचा ग्रॉस २७० आणि नेट २१०. हा दुसरा आकडा माझ्या फोटोकॉपीत होता. मीच तो आलेखात घेतला नव्हता, कारण 'मालिकेत बसत नव्हता'.

तो घेतल्यावर हिशेब असा लागतो. १९७० ते १९७१, दोन्ही ग्रॉस: ३०० वरून २७०. हे ३० घोडे खरेच गेले. कंपनीने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन रेशो १०.२५ वरून ८.५ वर आणला होता, त्याचा हा परिणाम. १९७१ ते १९७२, दोन्ही नेट: २१० वरून २००. हेही १० खरे गेले. उरले ६०. ते कधी गेलेच नव्हते. ते कागदावर मेले.

म्हणजे माझ्या शंभरातल्या साठ घोड्यांचा खून कायद्याने केलाच नव्हता, आणि मी त्याला फाशी देऊन मोकळी झाले होते.

आपल्याकडच्या इतिहासात हे नवीन नाही. मोडी कागदांत धान्याचे मण लिहिलेले असतात, पण एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाइतका असेलच असं नाही. हे मला एम.ए.ला शिकवलं होतं. मोटारीच्या बाबतीत मात्र मी विसरले, कारण आकडा छापील होता, आधुनिक होता, इंजिनिअरांचा होता.

आकडा कोणासाठी छापला होता?

एकदा संशय आला की माणूस सगळंच उकरतो. मग लक्षात आलं की ग्रॉस आकडेही सरळ नाहीत. जाहिरातीचा आकडा म्हणजे फुगवलेला, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे नाही का, कंपनी सांगते ते ॲव्हरेज आणि रस्त्यावर मिळतं ते ॲव्हरेज यांत फरक असतो. पण इथे उलटंही चाललं होतं. कंपन्या ताकद मुद्दाम कमी सांगत होत्या.

का? एक कारण ड्रॅग पट्टीवरच होतं. एनएचआरए कारखान्यातून आलेल्या गाड्यांचे गट पाडायची ते वजन आणि जाहीर ताकद यांच्या गुणोत्तरावर. ताकद कमी सांगितली की गाडी हलक्या गटात पडते आणि तिथल्या दुबळ्यांना आरामात हरवते. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट इंजिन १९६८ साली ३३५ हॉर्सपॉवरचं म्हणून जाहीर झालं आणि पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत उतरताच त्याने सुपर स्टॉकचं विजेतेपद नेलं. एनएचआरएही काही दुधखुळी नव्हती. ती अशा इंजिनांना स्वतःचा वेगळा आकडा लावून द्यायची. म्हणजे एकाच इंजिनाचे दोन 'अधिकृत' आकडे.

दुसरं कारण विमा. १९६०च्या दशकाच्या शेवटी विमा कंपन्यांनी ताकदवान गाड्या चालवणाऱ्या तरुणांचे हप्ते भरमसाट वाढवले. तिसरं, कंपनीतल्याच वरिष्ठांचे नियम. शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ चं इंजिन कागदावर २९० चं. जाणकार मंडळी ते यापेक्षा बरंच जास्त असल्याचं मानतात. यात उघड खोटंही बोलावं लागत नाही. इंजिन ज्या फेऱ्यांवर सगळ्यात जास्त ताकद देतं, त्याच्या अलीकडच्या फेऱ्यांवरचा आकडा छापायचा, की झालं.

तेव्हा आकडा पाहिला की 'किती?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'कोणाला सांगितलं?' गिऱ्हाइकाला, विमावाल्याला, शर्यतीच्या पंचाला की साहेबाला?

पट्टीची साक्ष

मग विश्वास कशावर ठेवायचा? ड्रॅग पट्टी दोन गोष्टी नोंदवते. एक म्हणजे लागलेला वेळ, त्याला ईटी म्हणतात. दुसरा, रेषेजवळचा वेग. नवख्याला वेळ महत्त्वाची वाटते. पण वेळेवर सुरुवातीच्या काही फुटांचा फार परिणाम होतो. टायर घसरले की संपलं. रेषेजवळचा वेग मात्र मुख्यतः ताकद आणि वजन यांवरच ठरतो. हौशी मेकॅनिकांचं यासाठी एक ढोबळ सूत्र आहे. ताशी मैलांतल्या वेगाला २३४ ने भागा, त्याचा घन करा आणि पौंडांतल्या वजनाने गुणा. हॉर्सपॉवर मिळते.

हे एका गाजलेल्या कागदावर लावून बघू. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात पॉन्टिॲक जीटीओची चाचणी छापली. मुखपृष्ठावर ती फेरारी जीटीओसोबत रंगवली होती, जरी फेरारी प्रत्यक्ष चाचणीला आलीच नव्हती. आकडे होते: पाव मैल १३.१ सेकंदांत, वेग ताशी ११५ मैल. या चाचणीने जीटीओचं नाव झालं. पुढे कितीतरी लेखांत हे आकडे उतरत गेले.

आता सूत्र. चालकासकट वजन ३,६०० पौंड धरा. उत्तर येतं सुमारे ४२७. आणि कंपनीचा आकडा? ३४८, तोही ग्रॉस. ते ३४८ पूर्ण खरे मानले तरी वेग १०७ च्या आसपास यायला हवा. काहीतरी पाणी मुरतंय, हे १९६४ सालीही कागद-पेन्सिल घेऊन कळलं असतं.

मुरत होतंच. पॉन्टिॲकची जाहिरात सांभाळणारे जिम वँगर्स, जे १९६० च्या एनएचआरए राष्ट्रीय स्पर्धेत स्वतः जिंकलेले चालक होते, त्यांनी अनेक वर्षांनी कबूल केलं की चाचणीच्या गाडीत ३८९ नव्हे, ४२१ घनइंचाचं इंजिन होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय गाडी मिशिगनमधल्या रॉयल पॉन्टिॲक या डीलरकडे ट्यून केलेली होती. त्यांचा 'बॉबकॅट' संच प्रसिद्ध होता. सिलिंडर हेडखाली पातळ गॅस्केट, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं; कार्ब्युरेटरला मोठे जेट; डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स बदललेला; आणि व्हॉल्व्हची सेटिंग हलू नये म्हणून रॉकरवर लॉक नट. एकेक बदल किरकोळ. एकत्र आले की गाडी ओळखू येत नाही.

इथे घाई करू नका. वँगर्स यांची कबुली हेही साधनच आहे, आणि जाहिरातवाल्याला आपली चलाखी सांगायला आवडतंच. म्हणून ती एकटी पुरत नाही. कबुली आणि गणित, दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी येतात, तेव्हा पाय टेकवायला जमीन मिळते. गणितालाही मर्यादा आहेत. वजन मी धरलंय, सूत्र ढोबळ आहे आणि पट्टी-पट्टीत फरक असतो. डेन्व्हरजवळच्या उंचावरच्या पट्टीवर विरळ हवेमुळे तीच गाडी मंद पळायची. त्यामुळे ४२७ हा आकडा मी प्रबंधात खरा म्हणून लिहिणार नाही. '३४८ शी जुळत नाही', एवढंच लिहीन.

तुमच्यासाठी

तुमचा विषय मोटारी नसेल. जनगणना असेल, पीकपाहणी असेल, शाळांचे पट असतील. तरी आलेख काढायच्या आधी तीन गोष्टी करा. मालिकेतल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कसा मोजला ते लिहा. मोजायची पद्धत बदलली ते वर्ष शोधा, त्या वर्षी जुना-नवा दोन्ही आकडे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि जो आकडा 'मालिकेत बसत नाही' म्हणून बाजूला ठेवलात, त्याच्यावर लाल खूण करा. बहुतेक वेळा किल्ली तिथेच असते.

कायद्याचा परिणाम झाला नाही असं मी म्हणत नाहीये. तो झालाच. विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३चं तेलसंकट या सगळ्यांनी मिळून मसल कारचा काळ संपवला. पण कोणी किती केलं हे सांगायचं तर आधी मेलेले घोडे आणि कागदी घोडे वेगळे करावे लागतात.

माझ्या नव्या आलेखात आता दोन रेषा आहेत. १९७१ वर त्या एकमेकींच्या वर-खाली उभ्या दिसतात, मध्ये साठचं अंतर. पहिल्या आलेखासारखा तो दचकवत नाही. पुढच्या सेमिनारला सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यातलं वजन कोणाचं धरलंय, रिकाम्या गाडीचं की चालकासकट?"

या वेळी उत्तर माझ्याकडे होतं.