नळीची कल्हई

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या. भारतातल्या अणुविजेची सुरुवात तिथली. या भट्ट्यांची गोष्ट बहुतेक वेळा राजकारणातून सांगितली जाते: १९७४ची पोखरण चाचणी, मग इंधनाच्या बाबतीत अमेरिकेने आखडता घेतलेला हात, पुढे फ्रान्सकडून आलेलं युरेनियम. पण त्याच भट्टीत दुसरा एक इतिहास आहे, एका मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा. इंधनाभोवतीच्या नळीचा.

युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या एका बारीक नळीत एकावर एक भरतात आणि नळीची दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद करतात. ही नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. झिर्कोनियमच का? कारण तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, त्यामुळे साखळी चालू राहते. आपल्याकडे तो केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून येतो. त्या वाळूत त्याचा जुळा भाऊ हाफ्नियमही असतो, आणि तो मात्र न्यूट्रॉनचा खादाड. दोघांना वेगळं करून नळ्या ओढण्याचं काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्यूल कॉम्प्लेक्समध्ये चालतं. ही संस्था १९७१ची. आमच्या नायगावहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, पण तिथे असं काही बनतं हे इंजिनिअरिंगला जाईपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं.

सुरुवातीच्या वर्षांत तारापूरच्या काही इंधननळ्या गळक्या निघाल्या. उकळत्या पाण्याच्या भट्टीत इंधनाला शिवलेली वाफच थेट टर्बाइनमध्ये जाते. म्हणजे नळीला केसाएवढी चीर पडली, तरी आतले किरणोत्सारी वायू आणि आयोडीन वाफेसोबत पुढे निघतात. त्याची किंमत मोजतो तो दुरुस्तीला आत उतरणारा माणूस. अशा नळ्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जाड भिंतींच्या खोल्यांमध्ये, यांत्रिक हातांनी कापून तपासल्या गेल्या. कारणं दोन दिसली. नळीत राहिलेल्या ओलाव्यातला हायड्रोजन धातूला ठिसूळ करतो. आणि फुगलेली गोळी नळीला आतून रेटते, त्यात आयोडीन धातू कुरतडतं.

दुसऱ्या दुखण्यावर कॅनडात १९७०च्या दशकात एक साधा उपाय निघाला: नळीला आतून ग्राफाइटचा काही मायक्रॉनचा लेप. पेन्सिलीच्या शिशातला तोच कार्बन. त्यामुळे गोळी आणि धातू यांच्यातली घासाघीस कमी होते. भारतातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांच्या नळ्यांनाही हा लेप देऊ लागले.

आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, ती याच विचाराची. भांडं पितळेचंच राहतं, पण आमटी पितळेला लागत नाही. मजबुती एका धातूची आणि स्पर्श दुसऱ्याचा.

पण खरी परीक्षा नळीच्या बाहेरच्या बाजूची होती. रोजच्या कामात नळी साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला असते आणि झिर्कोनियमवर स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतो. तो तिला सांभाळतो. मात्र पाणी आटलं आणि तापमान १२०० अंशांकडे गेलं, की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो. हायड्रोजन सुटतो, वर उष्णताही निघते, आणि ती उष्णता हीच क्रिया आणखी भडकवते. अमेरिकेत १९७४ सालीच अपघाताच्या हिशेबासाठी नळीच्या तापमानाची मर्यादा सुमारे १२०० अंश ठरवली होती. १९७९ला थ्री माइल आयलंडमध्ये हे प्रत्यक्षात घडलं. ११ मार्च २०११च्या त्सुनामीनंतर फुकुशिमात वीज गेली, पंप थांबले, आणि पुढच्या काही दिवसांत हायड्रोजनच्या स्फोटांनी इमारतींची छपरं उडाली. तिथली पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकच्याच बनावटीची, उकळत्या पाण्याची. तारापूरपेक्षा वयाने थोडी लहान.

त्यानंतर बाहेरच्या कल्हईचा विचार जोरात सुरू झाला. सर्वात पुढे आहे क्रोमियम. नळीवर त्याचा साधारण १० ते २० मायक्रॉनचा थर चढवला, की त्याचं ऑक्साइड वाफेला खूप हळू आत येऊ देतं. २०१८-१९मध्ये अमेरिकेतल्या काही वीजकेंद्रांत लेप दिलेल्या नळ्या चाचणीसाठी बसवल्या गेल्या.

तरी हे अभेद्य कवच म्हणता येणार नाही. सुमारे १३३० अंशांना क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांत वितळू लागतात. थर जाड करावा, तर क्रोमियम न्यूट्रॉन खातो. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांना न्यूट्रॉनची उधळपट्टी परवडत नाही, म्हणून तिथे हा हिशेब आणखी अवघड. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा पॅच आहे. मूळ रचना तीच राहते.

पण पॅचला कमी लेखायचं कारण नाही. अपघातात या लेपाने मिळणारी गोष्ट म्हणजे वेळ: डिझेल जनरेटर सुरू करायला, बाहेरून पाणी आणायला, आसपासची गावं रिकामी करायला. फुकुशिमात नेमकी त्याचीच वाण पडली. म्हणून अणुविजेबद्दल बोलताना किती मेगावॉट हे जरूर विचारावं, पण पाणी थांबल्यावर नळी किती वेळ तग धरेल, हेही तितक्याच आग्रहाने विचारावं.