तान्ह्या पोळ्याचा बैल आणि लाकडी बंडी

नागपूर : श्रावण अमावास्या जवळ आली की महाल, इतवारी, सक्करदरा, गोकुळपेठ या भागांत रस्त्याच्या कडेला लाकडी बैल मांडले जातात. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढ्या बैलापर्यंत सर्व आकार येथे दिसतात. पायांना किंवा पायांखालच्या पाटाला चार चाके, पुढे ओढण्यासाठी दोरी. नाव बैलाचे असले तरी बांधणी वाहनाची आहे. लाकडातून गाड्या, रथ, आगगाड्या कोरण्याचा छंद जगभर जोपासला जातो. नागपूरच्या मुलाच्या हाती मात्र त्याचे पहिले लाकडी वाहन सणच आणून देतो.

पोळा शेतकऱ्याचा आणि खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. तान्हा म्हणजे लहानग्यांचा. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे परंपरा सांगते. बैलाचे मोल मुलांना कळावे आणि खऱ्या जनावराच्या शिंगाखुरांची भीती नसावी, म्हणून लाकडी बैल. या सालाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १८०३ च्या अखेरीस अडगावच्या लढाईत पराभव होऊन देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना कटक व वर्धा नदीपलीकडील वऱ्हाड गमवावे लागले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत राजवाड्यात मुलांसाठी लाकडी बैलांचा सण मांडला जातो. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्यास पुरावा नाही. पण शहराच्या स्मरणात तह मागे पडला आणि बैल राहिला, एवढे खरे. महालातील भोसले वाड्याचा मोठा लाकडी नंदी आजही या सणाचा मानकरी समजला जातो. त्याच दिवशी शहरातून काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्याचे लक्ष बहुधा तिकडेच जाते.

मुले झूल, बाशिंग, बेगड आणि घुंगरमाळांनी आपला बैल सजवतात, तोरणाखाली उभा करतात आणि मग तो घरोघर फिरवतात. घरची मोठी माणसे बैलाला ओवाळून मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. याला बोजारा म्हणतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा त्याच्या अवाढव्य नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बैल मुलाने ओढावयाचे नसून दोर लावून मोठ्या माणसांनी ओढावयाचे असतात.

चाकावरचे जनावर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७४ मध्ये त्यावेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतील रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद असून त्याला दोन बैल जुंपलेले आहेत व सारथी उभा आहे. हत्तीही पाटावर उभा आहे. त्यांचा उपयोग काय होता यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंतु पाट, आस आणि चाक यांची रचना सक्करदऱ्याच्या दुकानात मांडलेल्या बैलाशी इतकी जुळते की पाहणारा चकित व्हावा. संस्कृतातील ‘मृच्छकटिक’ या शूद्रकाच्या नाटकाचे तर नावच मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून पडले आहे. लाकडाची खेळणी काळाच्या पोटात जिरून जातात, भाजलेल्या मातीची आणि धातूची तेवढी उरतात, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

लाकूड आणि चाक

घरी असा बैल कोरू पाहणाऱ्याला सामान फार लागत नाही. करवत, पटाशी, वाकस, कानस, भोक पाडण्यासाठी सामता किंवा हातड्रिल आणि काचपेपर एवढे पुरते. लाकूड निवडताना विदर्भात प्रथम सागवानाचे नाव निघते. आलापल्ली आणि बल्लारशाचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून साग गेला. साग वातावरणानुसार फार हलत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र त्यात सिलिकेचा अंश असल्याने पटाशीची धार लवकर बसते आणि नवशिक्याला सारखे दगडावर घासत बसावे लागते. शिवणीचे लाकूड हलके आणि कोरायला मऊ असते. हळदूचे लाकूड बारीक पोताचे, नक्षीला चांगले. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी आपल्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले, तर कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांचे लाकूड म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा.

पहिली चूक बहुधा पायांत होते. एकाच ठोकळ्यातून बैल काढताना लाकडाचे तंतू पाठीच्या दिशेने आडवे ठेवले तर पाय आडव्या तंतूंचे होतात आणि पहिल्याच ठेचेला मोडतात. म्हणून पाय उभ्या तंतूंचे स्वतंत्र करून खुंटीने बसवणे बरे. शिंगे, कान व शेपूट यांचेही तसेच.

दुसरी चूक चाकात होते आणि ती अधिक मनोरंजक आहे. गोल ओंडक्याची चकती कापली की चाक तयार, असे कोणालाही वाटेल. ती चकती काही आठवड्यांत मध्यापासून कडेपर्यंत फाटते. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जेवढे आकसते, ते मध्यातून कडेकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असते; हा ताण सहन न होऊन चकतीला चीर जाते. यास्तव चाक फळीतून कापावे, किंवा दोन पातळ फळ्या तंतू एकमेकांना आडवे येतील अशा चिकटवून त्यातून काढावे. नागपूरच्या हवामानाने यात आणखी एक भर घातली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा लाकूड कोरडे ठणठणीत असते. त्या वेळी आस आणि भोक अगदी नेटके जुळवले तर भाद्रपदाच्या ओलसर हवेत लाकूड फुगते आणि ऐन तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चाक अडते. बोटाएवढ्या जाडीच्या आसाला भोवती अर्धा-एक मिलिमीटर जागा सोडणे हा त्यावरचा उपाय. तेल घालू नये, मेण घासावे.

रंग शिसेविरहित असावा, हे लहान मुलांच्या बाबतीत वेगळे सांगण्याची गरज नसावी. खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे आणि स्वतःच्या घरच्या मुलासाठी कोरणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही, तरी रंगाच्या डब्यावरील मजकूर वाचून घेतलेला बरा. लाकडासाठी झाड शोधण्याचीही आवश्यकता नाही. साग हा १९६४ च्या राज्य वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे, तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. लकडगंज हे नावच ज्या वस्तीला लाकडामुळे मिळाले, तेथील आरा गिरण्यांत उरणारे तुकडे छंदासाठी पुष्कळ होतात.

बंडी

बैल जमला की पुढची पायरी म्हणजे बंडी. विदर्भात मालवाहू बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांनी बसून जावयाची हलकी ती रेंगी, वरून छत असलेली ती दमणी. शर्यतीची गाडी आणखी निराळी. शंकरपटावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे हलक्या गाड्यांना पुन्हा मागणी आली. बंडीचे तसे झालेले नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, तो २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. ओढकामाचे बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले आणि ज्या बंड्या उरल्या त्यांतील कित्येकांना आता लाकडी चाकांऐवजी हवा भरलेले टायर आहेत.

यामुळे नुकसान नेमके कशाचे होते, ते छोटी बंडी कोरू लागल्यावर उमगते. लाकडी चाक हे विदर्भातील वाढयाच्या कौशल्याची परिसीमा आहे. मधला तुंबा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा. त्यात आरे ठोकून बसवलेले. बाहेरील कड एकसंध नसते. ती वक्र तुकड्यांची असून सामान्यतः प्रत्येक तुकड्यात दोन आरे शिरतात. म्हणजे सहा तुकडे असतील तर बारा आरे, दोन आऱ्यांमध्ये ३० अंशांचा कोन. वर लोखंडाची धाव. तिचा घेर मुद्दाम चाकापेक्षा किंचित कमी ठेवतात, गोवऱ्यांच्या विस्तवात तापवून ती प्रसरण पावली की चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि सारे सांधे आवळून धरते. त्यात खिळा वा सरस यांचे काम उरत नाही. जो वाढई हे करतो तो सहसा आराखडा काढत नाही. तुंब्याची जाडी, आऱ्याचा उतार, साट्याची रुंदी ही सारी मापे त्याच्या पट्टीवर आणि हातात असतात. त्याची पुढची पिढी फर्निचरकडे वळली की ती मापे गावात कोणाकडेच उरत नाहीत.

अशा वेळी फुटाला इंच या प्रमाणात, म्हणजे मूळच्या बाराव्या हिश्शाएवढी कोरलेली बंडी ही दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूहून अधिक काही ठरते. पाच फुटांचे चाक पाच इंचांचे होते, आऱ्यांची संख्या तीच राहते, जू आणि शिवळा यांचे प्रमाण तेच राहते. गावी उभ्या असलेल्या एखाद्या मोडक्या बंडीजवळ टेप घेऊन अर्धा दिवस घालवला तर हे साधते. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या बैलगाड्यांत ते साधलेले क्वचितच दिसते. त्यांत आरे दिसायला बरे वाटतील तेवढे असतात आणि चाक बहुधा एकाच फळीतून कापलेले असते. धाव मात्र छोट्या चाकावर तापवून चढवता येत नाही, आतले लाकूड करपते. पत्र्याची पट्टी डिंकाने चिकटवावी लागते. जाणकारांनी ही लबाडी क्षम्य मानावी.

ज्यांना बैलांपेक्षा इंजिनांचे आकर्षण आहे, त्यांच्यासाठी मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे हे संग्रहालय २००२ मध्ये सुरू झाले. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये थांबली, तेव्हा त्या गाड्यांचा डौल जवळून पाहण्याची जागा शहरात आता हीच. बाराव्या हिश्शाने तो मार्ग ६३.५ मिलिमीटर होतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तेथील गाड्या धावतात, लाकडातील इंजिन सहसा धावत नाही. परंतु ते कोरताना एक भेद हाताला कळतो. बंडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्यावर फिरते. आगगाडीत चाके आसाला पक्की जडलेली असतात आणि आसासह फिरतात. तान्ह्या पोळ्याच्या बैलाला दोन्ही पद्धती चालतात. कोणती वापरली आहे, ते चाक हाताने फिरवून पाहिले की लगेच समजते.