पिल्लाच्या भाकरीचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी आणि पडीक माळावर मेंढरे, असे इथले जुने अर्थकारण होते. या मुलखात कुत्रा पाळला जाई तो राखणीसाठी. वस्तीवर चोराची आणि मेंढवाड्यावर लांडग्याची भीती असे. त्यामुळे पिल्लाला किती खाऊ घालायचे, हा प्रश्न हौसेचा नव्हता. वर्षाच्या आत ते लांडग्यावर भुंकत धावून जाण्याइतके दणकट व्हायला हवे असे, आणि त्यासाठी लागणारे धान्य घरच्याच कणगीतून काढावे लागे.

मेंढपाळाच्या बाबतीत तर कणगीही स्वतःची नसे. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे बाहेर पडत, काही घाट उतरून कोकणापर्यंत जात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, ही पद्धत दख्खनभर रूढ होती. कुत्र्याची भाकरी याच धान्यातून होई. ज्या रानात मेंढ्या जास्त दिवस बसल्या तिथे पिल्लालाही दोन घास अधिक मिळत. मापाचे भांडे असे कुठेच नव्हते. भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करायची, थाळीत ओतायची आणि पिल्लाचे पोट पाहायचे. पोट गच्च झाले की थाळी उचलायची, फासळ्या मोजता येऊ लागल्या की भाकरी वाढवायची.

या रीतीला धर्माचाही आधार होता. दौंडच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे आणि कुत्रा हा खंडोबाचा सोबती मानला जातो. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, वाढलेले अन्न कुत्र्यासारखे भुंकत, झोंबत तोंडाने खाण्याचा त्यांचा विधी ग्युंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपशिलाने नोंदला आहे. ज्या घरात खंडोबा कुलदैवत, तिथे दारच्या कुत्र्याला उपाशी ठेवणे हा देवाचा अपराध समजला जाई. धान्य तुटपुंजे असतानाही पिल्लाचा वाटा टिकला, त्यामागे ही श्रद्धा होती.

दुधाची निवड मात्र सोपी नव्हती. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने प्रत्येकी सात ते नऊ टक्क्यांच्या घरात असतात. गाईच्या दुधात ती प्रत्येकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतात आणि दुग्धशर्करा मात्र अधिक असते. आई मेलेल्या पिल्लाला नुसते गाईचे दूध पाजले की ते हगवणीने खंगते, याचे कारण इथे सापडते. मेंढीचे दूध सहा-सात टक्के स्निग्धांशाचे आणि पाच टक्क्यांवर प्रथिनांचे, म्हणजे कुत्रीच्या दुधाला बरेच जवळचे. दख्खनी मेंढी दूध थोडेच देते आणि ते बहुतेक कोकरांना जाते. तरी वाड्यावरच्या पिल्लाला त्यातले घोटभर मिळाले तर तो मोठाच लाभ होता.

एवढे सगळे करूनही काही पिल्लांचे पाय फेंगडे होत, मनगटाचे सांधे गाठीसारखे फुगत. हा मुडदूस. त्याचे कोडे उलगडले ते दूर लंडनमध्ये, आणि तेही पिल्लांवरच. एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पिल्लांना घरात ठेवून मुख्यतः धान्यावर वाढवले. पिल्लांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर तो टळला. हे निष्कर्ष 1919 मध्ये प्रसिद्ध झाले. धान्यातला फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवतो, हेही पुढे कळले. त्या तेलातले मुडदूस टाळणारे ड जीवनसत्त्व कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसे तयार होत नाही, म्हणून दख्खनचे कडक ऊनही या कामी पुरे पडत नाही. ते जीवनसत्त्व अंड्यातून, यकृतातून मिळवावे लागते.

ऊर्जेचा हिशेब त्यानंतर मांडला गेला. मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये दाखवून दिले की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, वजनाच्या पाऊण घातांकाने वाढते. साध्या गणकयंत्रावर हे करता येते: वजनाचे वर्गमूळ काढायचे, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. सोळा किलोच्या गावठी कुत्र्यासाठी चार गुणिले दोन, म्हणजे आठ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2006 मध्ये दिलेल्या सूत्रानुसार धावत्या-फिरत्या मोठ्या कुत्र्यासाठी या आकड्याला 130 ने गुणायचे. उत्तर येते 1040 किलोकॅलरी. हाच कुत्रा आठ किलोचे पिल्लू असताना त्याच परिषदेच्या वाढीच्या सूत्राने गरज निघते सुमारे 1080. अर्ध्या वजनाचे पिल्लू पूर्ण वाढलेल्या कुत्र्याइतके खाते, किंबहुना थोडे जास्तच! चार किलोच्या पिल्लालाही मोठ्याच्या चार पंचमांश अन्न लागते. लहान जीव म्हणून लहान घास, हा समज इथेच चुकतो. पोट मात्र लहानच असल्याने तेवढे अन्न तीन-चार वेळांत वाटून द्यावे लागते.

शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी साधारण 350 किलोकॅलरी देते. म्हणजे त्या आठ किलोच्या पिल्लाला दिवसाला तीन भाकऱ्या झाल्या. ऊर्जा भागते, पण प्रथिने तेहतीस ग्रॅमच्या आसपास राहतात; शिफारस हजार किलोकॅलरीमागे 44 ते 56 ग्रॅमची आहे. कॅल्शियमची तूट तर फारच मोठी: गरज तीन ग्रॅमची आणि तीन भाकऱ्यांत जेमतेम 0.1 ग्रॅम. लिटरभर दुधानेही सव्वा ग्रॅमच्या पुढे मजल जात नाही. वाड्यावर मेंढरू कापले की पिल्ले कोवळी हाडे चघळत बसत, त्यातून ही उणीव काही अंशी भरून निघे. जुन्या रीतीत भाकरीचे माप बरोबर होते, कमी पडत होते ते भाकरीबरोबरचे.

पाटपाण्याने हे सगळे बदलले. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला, घोड नदीवर चिंचणीला धरण झाले. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे साखर कारखाने उभे राहिले. बाजरीची राने उसाखाली गेली, संकरित गाई आल्या. दूध मुबलक झाले, पण ते डेअरीला घालायचे दूध होते. उसात बिबट्या राहू लागल्यापासून शिरूर भागात पिल्लाची शेवटची थाळी अंधार पडण्याआधी देऊन त्याला आत बांधावे लागते.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनंतर बंगल्यांतून लॅब्रॅडोर, ग्रेट डेन आले आणि अडचण उलटी झाली. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरमसाट खाद्य आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर त्याचेही पाय वाकतात. नेदरलँड्समधल्या ग्रेट डेनवरील प्रयोगांत 1980 च्या दशकात हे दिसून आले. अमेरिकेत 48 लॅब्रॅडोर पिल्लांपैकी निम्म्यांना जोडीला लावलेल्या दुसऱ्या पिल्लापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ती सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगल्याचे आढळले. तयार खाद्याच्या पिशवीवरचा तक्ता म्हणून सुरुवातीपुरता धरावा. दर आठवड्याला वजन करावे आणि फासळ्यांवरून हात फिरवावा: फासळ्या हाताला सहज लागाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत. गावठी पिल्लाची वाढ दहा-बारा महिन्यांत पुरी होते आणि तिथून मोठ्याचे माप सुरू होते. ग्रेट डेनसारख्या जातींना दीड वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो.